रविवर्मांच्या मागावर, खोपोलीहून

एखाद्या चित्रकाराच्या आयुष्याचा माग काढत प्रवास करायचा तर तो आखायचा कसा, हा प्रश्न हल्ली खोपोली-कर्जत भागातून वारंवार येतो. विचारणारे तऱ्हेतऱ्हेचे असतात. ज्येष्ठ नागरिक संघाचे पदाधिकारी, शाळेतले चित्रकलेचे शिक्षक, वर्षभर भिशी लावून एक लांबची सहल काढणाऱ्या बायका, मुलगा जर्मनीत नोकरीला लागला म्हणून युरोपचा बेत करणारे आईवडील. बहुतेकांच्या मनात व्हॅन गॉग किंवा पिकासो असतो आणि हातात एखाद्या सहल कंपनीचं माहितीपत्रक. किती दिवस लागतील, कंपनीबरोबर जावं की आपलं आपण, आणि एवढा पैसा घालून दिसणार नक्की काय, हे त्यांचे ठरलेले प्रश्न.

युरोप जरूर करा. पण त्याआधी एकदा बोरघाट चढून मळवलीला जाऊन या. आपल्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीचे चेहरे ज्या छापखान्याने घरोघर पोहोचवले, तो राजा रविवर्मांचा छापखाना तिथे होता. खोपोलीहून अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. कमी खर्चात हा एक माग नीट काढलात की युरोपच्या सहलीत काय विचारायचं आणि कशाला नकार द्यायचा, हे आपोआप कळू लागेल.

आधी ठरवा: जागा पाहायच्या की चित्रं?

सगळा घोटाळा इथे होतो. चित्रकार जिथे जन्मला, राहिला, राबला, तिथे त्याची चित्रं असतातच असं नाही. बहुधा नसतातच. चित्रं विकली जातात, राजेरजवाड्यांकडे आणि तिथून संग्रहालयांत जातात. घर मागे राहतं, कधी तेही राहत नाही. माहितीपत्रकात 'अमुक चित्रकाराचं गाव' असं छापलेलं असलं की लोक तिथे त्याची चित्रं पाहायला मिळतील असं धरून चालतात आणि तिथे पोहोचल्यावर हिरमुसतात.

म्हणून कागदावर दोन रकाने करा. एकात जागा लिहा, दुसऱ्यात चित्रं. रविवर्मांपुरतं हे असं दिसेल:

- फक्त जागा: मळवली आणि मुंबईतलं गिरगाव. जाऊन 'इथे हे घडलं' एवढं म्हणायचं. पाहण्यासारखं चित्र तिथे नाही.
- फक्त चित्रं: म्हैसूर, हैदराबाद, औंध.
- जागा आणि चित्रं दोन्ही: बडोदा आणि तिरुवनंतपुरम. दिवस कमी असतील तर हीच दोन ठिकाणं निवडा.
- घर: केरळातलं किळिमानूर.

गटातल्या प्रत्येकाला या रकान्यांवर खूण करायला सांगा. निम्म्या गटाला चित्रांत रस आहे आणि निम्म्याला फिरण्यात, हे निघण्याआधी कळलेलं बरं. बडोद्याच्या दालनात 'अजून किती वेळ?' असा सूर निघाला की कुणाचीच सहल धड होत नाही.

आयुष्य, सहलीपुरतं

सगळं चरित्र पाठ करायची गरज नाही. एवढं पुरे:

- २९ एप्रिल १८४८ : त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूर इथे जन्म.
- वयाच्या चौदाव्या वर्षी तिरुवनंतपुरमला, महाराजा आयिल्यम तिरुनाळ यांच्या आश्रयाला.
- १८७३ : व्हिएन्नाच्या प्रदर्शनात चित्राला पारितोषिक.
- १८८१ : सयाजीराव गायकवाडांच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने बडोद्याला. दुवा होता दिवाण टी. माधवराव यांचा. कुंभकोणमचं हे मराठी घराणं. माधवराव आधी त्रावणकोरचे दिवाण होते.
- १८८८ ते १८९० : बडोद्यासाठी चौदा पौराणिक चित्रं.
- १८९३ : शिकागोच्या प्रदर्शनात दहा चित्रं आणि पदकं.
- १८९४ : गिरगावात शिळाछाप छापखाना.
- १८९९ : छापखाना मळवलीला.
- २ ऑक्टोबर १९०६ : किळिमानूर इथे निधन.

व्हिएन्ना आणि शिकागो पाहून चकू नका. चित्रं गेली, चित्रकार गेला नाही. रविवर्मांनी कधी समुद्र ओलांडला नाही; त्यांचा सगळा प्रवास रेल्वेचा आणि देशातला. त्यामुळे त्यांचा माग काढायला पासपोर्ट लागत नाही.

क्रम उलटा लावा

जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ क्रमाने जायचा मोह होतो. खोपोलीहून निघणाऱ्याने तो टाळावा; नाहीतर केरळच्या दोन फेऱ्या होतील. आपण त्यांच्या उत्तरायुष्याच्या दाराशीच राहतो, तेव्हा मळवलीपासून सुरुवात करून मागे मागे जा. तीन टप्पे करा. ते एकाच वर्षात झाले पाहिजेत असं नाही.

पहिला टप्पा: मळवली, एक दिवस

निघण्याआधी घरातल्या जुन्या तसबिरी खाली काढा. काचेमागच्या चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असतं. 'रविवर्मा प्रेस' आणि कारला किंवा लोणावळा अशी अक्षरं सापडली तर तुमच्या सहलीला घरातूनच सुरुवात झाली. आजीच्या माहेरच्या घरीही एक फोन करा.

खोपोलीहून लोणावळ्याला थेट रेल्वे नाही. लोकलने कर्जतला जाऊन तिथून घाट चढणारी गाडी पकडणं हा द्राविडी प्राणायाम. त्यापेक्षा जुन्या घाटाने एसटी किंवा स्वतःची गाडी बरी. लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलचं पुढचंच स्टेशन मळवली. दुपारी या लोकल विरळ असतात. सकाळी पोहोचायचं आणि परतीची वेळ आधीच पाहून ठेवायची. भर पावसाळ्यात हा बेत नको. घाटात दरड आली की दिवस रस्त्यातच जातो.

तिथे दिसतं काय? छापखाना १९७२ साली आगीत गेला. तिकीट काढून आत जावं असं संग्रहालय तिथे नाही. खासगी आवारात विचारल्याशिवाय शिरू नका. मग जायचं कशाला? छापखाना इथेच का आला, ते जागेवर उभं राहिलं की समजतं. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला आणि गिरगावात माणसं टिकेनात. छापखाना आधी घाटकोपरला गेला, मग घाट चढून इथे. हवा निरोगी आणि दाराशी रेल्वे. जड यंत्रं, छपाईचे दगड आणि कागद वर आणायचा, छापलेला माल मुंबईच्या बाजारात पाठवायचा, तर रुळांच्या जवळ राहण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. यंत्रं जर्मन होती आणि ती चालवणारे तंत्रज्ञही. त्यांच्यातल्याच फ्रित्झ श्लायशर यांना पुढे थोड्याच वर्षांत रविवर्मांनी हा सगळा व्याप विकून टाकला. धंदा त्यांना जमला नाही, असं स्पष्ट म्हणायला हरकत नाही. चित्रकार धुरंधरांनी या छापखान्यासाठी चित्रं काढली आणि दादासाहेब फाळक्यांनीही चित्रपटाच्या नादी लागण्याआधी काही काळ इथे काम केलं.

उरलेला दिवस भाजे लेण्यांना द्या, पाय चांगले असतील तर कार्ल्याला आणि एकवीरेलाही. गटातल्या 'फिरणाऱ्या' मंडळींची त्यात सोय होते.

दुसरा टप्पा: बडोदा, तीन दिवस

चित्रांसाठी सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. लक्ष्मी विलास राजवाडा आणि त्याच्याच आवारातलं महाराजा फत्तेसिंह संग्रहालय ही दोन वेगळी दालनं आहेत, तिकिटंही वेगळी. घाईतले प्रवासी राजवाडा पाहून परततात आणि रविवर्मांची चित्रं राहूनच जातात. त्यांचा मुख्य संग्रह या संग्रहालयात आहे. राजपुत्रांच्या शाळेसाठी बांधलेली ती इमारत. उत्साह असेपर्यंत सकाळी आधी संग्रहालय पाहा आणि राजवाडा दुपारी.

चित्रांपुढे उभं राहिल्यावर काय पाहायचं? एक सोपी युक्ती सांगतो. नायिकांची नेसण पाहा. पुराणातल्या अनेक स्त्रियांना रविवर्मांनी जी साडी नेसवली, ती आपल्या ओळखीची नऊवारी आहे. केरळच्या चित्रकाराने बडोद्याच्या मराठी दरबारासाठी काढलेल्या या चित्रांमुळे पुराणातली स्त्री दिसते कशी, हे पुढे देशभरच्या कॅलेंडरांत कायमचं ठरून गेलं. मग रेशमाच्या घड्या, दागिन्यांवरचा प्रकाश आणि मागची वास्तू पाहा. छापील चित्रात हे सगळं चपटं झालेलं असतं. घरच्या तसबिरीचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा आणि दोन्ही शेजारी धरून पाहा, फरक लगेच कळतो.

सयाजीबागेतलं बडोदा संग्रहालयही सोडू नका. तिथे युरोपीय चित्रांचा संग्रह आहे. युरोपला जायचं ठरवणाऱ्यांनी तर मुद्दाम जावं.

गाडीचं म्हणाल तर पुण्याहून गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या कल्याण-वसईमार्गे बडोद्याला जातात. प्रत्येक गाडी कर्जतला थांबेलच असं नाही, म्हणून कल्याण धरून आखणी करा.

तिसरा टप्पा: तिरुवनंतपुरम आणि किळिमानूर, एक आठवडा

पनवेलहून नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेने थेट तिरुवनंतपुरमला नेते. एक रात्र आणि वर बराच वेळ गाडीतच जातो, तेव्हा गुडघेदुखीवाल्यांना खालचा बर्थ मिळेल इतक्या आधी आरक्षण करा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं. परतीचं विमान किंवा पुढची गाडी जोडलेली असेल तर हे विसरू नका.

शहरात संग्रहालयांच्या आवारात श्रीचित्रा कलादालन आहे. ते १९३५ साली सुरू झालं. २०२३मध्ये त्याच आवारात रविवर्मांच्या नावाचं स्वतंत्र दालन उघडलं. बडोद्याची मोठी पौराणिक चित्रं पाहून इथे आलात की माणसांची, घरातली चित्रं वेगळी वाटतील. मला स्वतःला ही जास्त आवडतात.

किळिमानूर शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर. तिथला राजवाडा खासगी आहे आणि घराण्यातली माणसं आजही त्याची देखभाल करतात. फोन करून परवानगी घेतल्याशिवाय वीस जणांची बस दाराशी नेऊन उभी करू नका. स्थानिक वाहनचालकाला मल्याळम येतं, पण परवानगीचं बोलणं तुम्ही स्वतः आधी करा.

पद्मनाभस्वामींचं दर्शन प्रत्येक गटाला हवंच असतं. पुरुषांना तिथे मुंडू म्हणजे लुंगीसारखं धोतर लागतं, सदरा काढावा लागतो. बायकांनी साडी नेसलेली बरी.

वाट वाकडी करायची असेल तर

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात रविवर्मांची चित्रं आहेत. तिथलं सर्वांत प्रसिद्ध चित्र मात्र त्यांचं नाही. हाताच्या आडोशाने दिवा जपणाऱ्या बाईचं ते चित्र सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं, तेही जलरंगातलं, आणि समोर उभी होती त्यांची मुलगी. कितीतरी लोक ते रविवर्मांचं समजून घरी लावतात. आपल्या गटाने तरी ही चूक करू नये.

सातारा जिल्ह्यातलं औंध स्वस्तात होतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या भवानी संग्रहालयात रविवर्मांची चित्रं आणि चक्क हेन्री मूर यांचं शिल्प आहे. शाळेच्या सहलीला याहून चांगलं ठिकाण मला ठाऊक नाही. हैदराबादला जाणं होणारच असेल तर सालारजंग संग्रहालय पाहून घ्या, पण मुद्दाम जाऊ नका.

बंद दिवसांचा घोळ

शनिवार-रविवार जोडून सुट्टी काढली आणि सोमवारी दालन पाहू म्हटलं, की कुलूप पाहून परत यावं लागतं. बडोद्याचा राजवाडा सोमवारी बंद असतो. तिरुवनंतपुरमची संग्रहालयं सोमवारी बंद आणि बुधवारी सकाळीही बंद. सालारजंगला सुट्टी शुक्रवारी. आदल्या आठवड्यात फोन करून दोन गोष्टी विचारा: दालन उघडं आहे का, आणि चित्रं भिंतीवर आहेत का? दुरुस्तीसाठी किंवा प्रदर्शनासाठी चित्रं हलवलेली असू शकतात. मोबाइलने फोटो काढायचे नियमही प्रत्येक दालनाचे वेगळे. काही ठिकाणी साफ बंदी असते.

कादंबरी वाचा, पण तिला नकाशा समजू नका

रणजित देसाईंची 'राजा रविवर्मा' ही कादंबरी आपल्याकडे बहुतेकांनी वाचलेली असते आणि तिच्यावरून निघालेला 'रंगरसिया'ही पाहिलेला असतो. सहलीची गोडी लागायला कादंबरी उत्तम. मात्र वाटाड्याला 'कादंबरीतली सुगंधा कुठे राहायची?' असं विचारू नका. तो घर दाखवील! पर्यटकाला हवं ते दाखवणं हा त्याचा धंदा आहे. खरा तपशील हवा असेल तर रविवर्मांचे धाकटे भाऊ सी. राजा राजा वर्मा यांची इंग्रजी रोजनिशी प्रसिद्ध आहे. ते स्वतः चित्रकार, भावाबरोबर राबणारे आणि प्रवास करणारे.

गाडी, गट आणि सवलती

- राज्यातल्या राज्यात, म्हणजे औंध किंवा मळवलीसाठी, एसटीच्या सवलती वापरा: पंचाहत्तरी पार केलेल्यांना मोफत, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, बायकांना अर्धं तिकीट. राज्याबाहेर या चालत नाहीत.
- शाळेसाठी कर्जत आगारात 'प्रासंगिक करारा'ची बस विचारा. शालेय सहलीला त्यात निम्मी सवलत मिळते. मुख्याध्यापकांचं पत्र आणि शिक्षण विभागाची परवानगी आधी हातात हवी.
- रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०पासून बंद आहे. ती मिळेल असं धरून वर्गणी ठरवू नका.
- आरक्षणाच्या एका अर्जावर सहाच नावं चालतात. मोठ्या गटाने स्टेशनवर गटआरक्षणाची रीत विचारून घ्यावी. एजंटाकडून दुसऱ्याच्या नावाची तिकिटं घेऊ नयेत. पकडले गेलात तर तिकीट नसल्यासारखाच दंड होतो.
- गाडी तुमच्या स्टेशनवर तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण पैसे परत मिळतात. त्यासाठी गाडी सुटण्याआधी 'टीडीआर', म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. नंतर भांडून उपयोग होत नाही.

कंपनीबरोबर जाणार असाल तर

पैसे भरण्याआधी हे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरंही लेखी घ्या. फोनवरचं 'होऊन जाईल काका' धरू नका.

1. 'भेट' म्हणजे तिकिटासह आत प्रवेश, की बाहेरून फोटो?
2. दालनात किती वेळ? एका तासाच्या आत असेल तर ती चित्रांची सहल नाही.
3. बरोबर येणाऱ्या माणसाला चित्रांची माहिती आहे, की तो फक्त माणसं मोजणारा आहे?
4. दालन बंद निघालं तर पर्यायी दिवस, की पैसे परत?
5. तुम्ही रद्द केलं तर किती कापणार? आणि कंपनीने रद्द केलं तर?

कबूल केलेलं दाखवलं नाही तर नुसतं हळहळू नका. आधी कंपनीला लेखी तक्रार द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, खोपोलीकराला अलिबागला दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. पावती, माहितीपत्रक आणि संदेश जपून ठेवा. खटला त्यांच्यावरच उभा राहतो.

युरोपचंच ठरलं असेल तर

तेच दोन रकाने व्हॅन गॉगला लावा. तो १८८८च्या फेब्रुवारीपासून सव्वा वर्ष फ्रान्समधल्या आर्ल इथे राहिला आणि त्याने झपाटल्यासारखी चित्रं काढली. ज्या पिवळ्या घरात तो राहायचा ते १९४४च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. म्हणजे आर्ल हे 'जागा' रकान्यातलं गाव. 'तारांकित रात्र' त्याने सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना रंगवली, पण ती पाहायची तर न्यूयॉर्कला जावं लागतं. चित्रांसाठी नेदरलँड्सच गाठावं: ॲमस्टरडॅमचं त्याच्या नावाचं संग्रहालय आणि ओटर्लोचं क्रोलर-म्युलर. ॲमस्टरडॅमला वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट आधी काढावं लागतं; दारावर जाऊन मिळेल अशी आशा ठेवू नका. शेवटचं गाव ओव्हेर, पॅरिसहून दिवसाभरात होतं. तो जिथे वारला ती खानावळीवरची खोली आणि त्याच्या व त्याच्या भावाच्या शेजारी शेजारी कबरी तिथे आहेत. खोली थंडीच्या महिन्यांत बंद असते.

शेंगेन व्हिसाचा अर्ज जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. भेटीची वेळ विकणाऱ्या दलालांपासून दूर राहा. मुलगा तिकडे असेल तर त्याच्या पत्त्याचं निमंत्रणपत्र घ्या, आणि निम्मे दिवस त्याच्याकडे जाणार आहेत हेही आधीच मान्य करा.

तसबीर विकत घेताना

मळवलीच्या सहलीनंतर हमखास कुणीतरी जुन्या बाजारात 'अस्सल रविवर्मा' घेऊन येतं. तैलचित्र मिळणं जवळपास अशक्य. मिळतात ती छापील चित्रं, आणि त्यांतही नव्याने छापून चहाच्या पाण्याने जुनी केलेली पुष्कळ. साधं भिंग न्या. जुन्या शिळाछापात ठिपके हाताने टिंबल्यासारखे, लहानमोठे, अनियमित दिसतात. आधुनिक छपाईत ते जाळीसारखे एका ओळीत बसलेले असतात. जरी-टिकल्या लावलेली जुनी चित्रं असतात, पण टिकली नंतरही चिकटवता येते, तेव्हा तिच्यावर भाव ठरवू नका. विक्रेत्याकडून 'जुनं शिळाछाप चित्र' असं लिहिलेली पावती मागा. तो टाळाटाळ करू लागला तर उठून या.

चित्राची नवी प्रत काढून घरात लावायला कुणाची परवानगी लागत नाही. रविवर्मांना जाऊन शंभरहून जास्त वर्षं झाली आणि आपल्याकडे स्वामित्वहक्क मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतो. मात्र अमेरिकेतल्या मुलीला आजीची तसबीर न्यायची असेल तर सावध राहा. १९७२च्या पुरावस्तू व कलावस्तू कायद्याने शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू कुणालाही खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, आणि रविवर्मांच्या चित्रांना १९७९पासून राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा आहे. तसबिरीच्या वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयातून 'पुरावस्तू नाही' असा दाखला आधी काढून घ्या. विमानतळावर सामान उघडल्यावर तो मिळत नाही.